ओपनअ‍ॅलेक्स: देशाचं संशोधन मोजायला कितपत भरवशाचं?

सुरुवातीलाच सांगते. भारताचं एकूण संशोधन मोजायचं असेल आणि त्या आकड्यावर कुणी काही ठरवणार असेल, तर आधी ओपनअ‍ॅलेक्स उघडा. जगभरच्या शोधनिबंधांच्या नोंदी ठेवणारा हा खुला डेटाबेस आहे. एकट्या त्याच्यावर विसंबू नका, पण सुरुवात तिथून करा. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या दोन्ही सशुल्क डेटाबेसवर माझा हात बसलेला आहे. त्यामुळे फुकट मिळतंय म्हणून हे कौतुक चाललंय, असं कुणी समजू नये.

आमच्याकडे हे काम कसं येतं ते आधी सांगते. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकचा अहवाल, एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीची माहिती, नाहीतर एखाद्या बैठकीचं टिपण तयार होत असतं आणि फोन येतो, “मॅडम, भारताचे गेल्या वर्षीचे पेपर किती आणि त्यात आपला वाटा किती, तेवढा आकडा संध्याकाळपर्यंत द्या.” प्रश्न एका ओळीचा असतो. मला मात्र उलट चार गोष्टी विचाराव्या लागतात. कोणत्या डेटाबेसमधून काढू? कोणत्या प्रकारचं लेखन धरू? परदेशी सहलेखक असलेला पेपर कसा मोजू? आणि आकडा कोणत्या तारखेचा? पलीकडच्याला ही टाळाटाळ वाटते. पण या चार गोष्टी ठरल्याशिवाय आकडा तयारच होत नाही. ठरवल्या नाहीत तर डेटाबेस आपल्या वतीने परस्पर ठरवतो, आणि आपल्याला ते कळतही नाही.

ओपनअ‍ॅलेक्स जानेवारी २०२२ मध्ये सुरू झालं. मायक्रोसॉफ्टने आपला ‘अ‍ॅकॅडमिक ग्राफ’ २०२१ च्या अखेरीस बंद केला. त्याची जागा भरून काढण्यासाठी ‘अवररिसर्च’ या ना-नफा संस्थेने हे उभं केलं आणि अलेक्झांड्रियाच्या प्राचीन ग्रंथालयावरून त्याला नाव दिलं. क्रॉसरेफ, पबमेड, आर्काइव्ह, डेटासाइट आणि जगभरच्या संस्थांची डिजिटल भांडारं अशा ठिकाणांहून ते नोंदी गोळा करतं. नोंदींची संख्या २५ कोटींच्या वर आहे. स्कोपस ९ कोटींच्या पुढे आहे. पण नुसत्या आकारावरून काही ठरत नाही. स्कोपसची निवड समिती असते, ती नियतकालिकं पारखून आत घेते, आणि नियतकालिकाने निदान शीर्षक व सारांश इंग्रजीत द्यावा अशी अट असते. ओपनअ‍ॅलेक्स अशी पारख करत नाही. जे सापडेल ते घेतं आणि चाळणी लावण्याचं काम आपल्यावर सोडतं.

ही चाळणी कुणाच्या हातात असते याला मी एवढं महत्त्व का देते, ते एका जुन्या प्रकरणावरून कळेल.

यूजीन गारफील्ड यांनी फिलाडेल्फियातून १९६४ मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स बाजारात आणला. पहिल्या खंडांत ६१३ नियतकालिकं होती. एका शोधनिबंधावरून त्याचा उल्लेख करणाऱ्या पुढच्या निबंधांपर्यंत पोहोचता यावं, हा त्यामागचा हेतू. म्हणजे ते वाचकाचं साधन होतं. देशांची मोजणी त्यावरून पुढे, १९७० च्या दशकात सुरू झाली, अमेरिकेत विज्ञानाचे निर्देशांक काढायला लागल्यावर. याच इंडेक्सवरून सुब्बय्या अरुणाचलम यांनी मांडलेले भारताचे आकडे आमच्या क्षेत्रात अनेकांना पाठ आहेत: १९८० मध्ये १४,९८३ शोधनिबंध, २००० मध्ये १२,१२७. याच वीस वर्षांत चीन ९२४ वरून २२,०६१ वर गेला. चीनची झेप खरी होती, त्यात शंका नाही. पण भारताची घसरण पूर्ण खरी होती का? अपर्णा बसू यांनी त्याआधीच, १९९९ मध्ये, एक गोष्ट दाखवून दिली होती. इंडेक्समध्ये घेतल्या जाणाऱ्या भारतीय नियतकालिकांची संख्या त्या काळात कमी होत गेली होती आणि भारताच्या आकड्यातली घट त्याच्याशी जुळत होती. म्हणजे प्रयोगशाळेत काम चालू असेल, निबंध छापला जात असेल, आणि तरी फिलाडेल्फियातल्या यादीतून नियतकालिक गेलं की तो निबंध देशाच्या खात्यातून जाणार.

उलट्या दिशेनेही हेच होतं. यादी वाढली की देश वाढलेला दिसतो. स्कोपस २००४ मध्ये आला आणि त्याने परिषदांमधले निबंध मोठ्या प्रमाणावर घेतले. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या परिषदा आपल्याकडे किती होतात हे वेगळं सांगायला नको. तेव्हा गेल्या पंधरा-वीस वर्षांतली भारताची वाढ सांगताना परिषदांचे निबंध धरून एकदा आणि वगळून एकदा, असे दोन आकडे शेजारी शेजारी दिले पाहिजेत. मी तसेच देते. दुसरा आकडा पाहून काहींची नाराजी होते, पण वाढ नक्की कुठून आली हे त्या दोन आकड्यांतल्या फरकातूनच कळतं.

आता वाटणीचा प्रश्न. इथे खरी मेख आहे.

समजा, एका निबंधाचे चार लेखक आहेत. दोघं पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले, म्हणजे एनसीएलचे. तिसरा जर्मनीतला. चौथीने दोन पत्ते दिलेत, पुण्याच्या आयसरचा आणि जपानमधल्या एका विद्यापीठाचा. पूर्ण मोजणीत भारताला एक, जर्मनीला एक, जपानला एक. निबंध एकच, पण देशांची बेरीज तीन. वाटून मोजलं तर प्रत्येक लेखकाला पाव निबंध. एनसीएलच्या दोघांचा मिळून अर्धा, चौथीच्या पावातला अर्धा भाग भारताला, म्हणजे ०.१२५. भारताचे एकूण ०.६२५, जर्मनीचे ०.२५, जपानचे ०.१२५. बेरीज बरोबर एक.

दोन्ही पद्धती योग्य आहेत, फक्त त्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. भारत किती निबंधांत सहभागी झाला, हे पूर्ण मोजणी सांगते. जगाच्या एकूण कामात भारताचा वाटा किती, हे वाटून मोजल्यावरच सांगता येतं. पूर्ण मोजणीने काढलेले देशांचे आकडे एकमेकांत मिळवून त्यावर टक्केवारी काढली की ती चुकलीच. टोकाचं उदाहरण हवं असेल तर हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानाचा २०१५ मधला निबंध घ्या. त्याचे लेखक ५,१५४. तेहेतीस पानांपैकी चोवीस पानं नुसती लेखकांची आणि संस्थांची नावं. पूर्ण मोजणीत तिथे सहभागी प्रत्येक देशाला एक पूर्ण निबंध मिळतो.

अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचे निर्देशांक स्कोपसवरून आणि वाटून मोजून काढलेले असतात. त्यांच्या हिशेबात २०२२ मध्ये विज्ञान-अभियांत्रिकीचे जगभरात सुमारे ३३ लाख निबंध झाले. चीन २७ टक्के, अमेरिका १४ टक्के, भारत ६ टक्के. भारत तिसरा, निबंध दोन लाखांहून थोडे जास्त. “भारत जगात तिसरा” हे वाक्य आपण व्यासपीठावरून वरचेवर ऐकतो. पण त्याच वर्षासाठी कुणी स्कोपसमध्ये थेट भारत टाकून शोध घेतला तर आकडा याहून मोठा येतो, कारण तिथे पूर्ण मोजणी असते, शिवाय सगळे विषय आणि संपादकीय, पत्रं असले प्रकारही आत येतात. दोन भाषणांत दोन आकडे आले म्हणून लगेच कुणी खोटं बोलतंय असं होत नाही. मोजणीची पद्धत सोबत सांगितलेली नसते, एवढंच.

याच ठिकाणी ओपनअ‍ॅलेक्स मला सर्वांत उपयोगी वाटतं. एखादी नोंद उघडली की लेखकाच्या नावापुढे दोन गोष्टी दिसतात: निबंधावर छापलेला मूळ पत्ता जसाच्या तसा, आणि त्यावरून यंत्राने जुळवलेली संस्था व देश. मूळ आणि निष्कर्ष शेजारी शेजारी असल्यामुळे जुळणी चुकली असेल तर ती डोळ्यांना दिसते. सगळा डेटा सार्वजनिक मालकीचा, उतरवून घ्यायला मोकळा. चार लेखकांचा जो हिशेब वर मांडला, तो मी भारताच्या सगळ्या नोंदींवर स्वतः चालवू शकते. माझा आकडा मान्य नसलेला दुसरा कुणीही तोच डेटा घेऊन तो तपासू शकतो. सशुल्क डेटाबेसमधून काढलेल्या आकड्याचं तसं नाही. ज्याच्याकडे वर्गणी नाही त्याने तो नुसता मानायचा. सार्वजनिक पैशांतून झालेल्या संशोधनाची मोजदाद अशी बंद दाराआड असू नये, असं माझं ठाम मत आहे.

पत्त्यांची जुळणी हे किती जिकिरीचं काम आहे, ते महाराष्ट्रातल्याच एका संस्थेवरून पाहा. माटुंग्याची यूडीसीटी, आजची रसायन तंत्रज्ञान संस्था, १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झाली. पुढे एमयूआयसीटी झाली, २००८ मध्ये अभिमत विद्यापीठ होऊन आयसीटी झाली. जुन्या निबंधांवर कुठे ‘बॉम्बे विद्यापीठ, माटुंगा’, कुठे ‘रासायनिक तंत्रज्ञान विभाग’, कुठे नुसतं आद्याक्षरांचं नाव. पुणे विद्यापीठाच्या नावात २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले यांचं नाव आलं, त्याआधीचे पत्ते वेगळे आणि त्याही आधीचे ‘पूना’चे. देशाच्या पातळीवर याने बिघडत नाही, सगळं भारतातच मोजलं जातं. राज्यांची वाटणी करायला बसलं की प्रश्न येतो. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची प्रादेशिक केंद्रं मुंबई, कोची आणि विशाखापट्टणमला आहेत. नुसतं संस्थेचं नाव जुळवलं तर कोचीच्या केंद्रातलं काम गोव्याच्या खात्यावर जमा होतं. म्हणून महाराष्ट्राचा किंवा गोव्याचा वाटा काढताना मी संस्थांची यादी हाताने करते आणि शहराचं नाव मूळ पत्त्यात वाचते. वेळखाऊ आहे, पण दुसरा उपाय नाही.

वेब ऑफ सायन्सबद्दल जाता जाता एक सूचना, तुलनेसाठी ब्रिटन घेणाऱ्यांसाठी. तिथे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड वेगवेगळे नोंदवलेले असतात. चौघांचे आकडे काढून बेरीज करू नका, एकत्र शोध घ्या. नाहीतर लंडन आणि एडिंबरा यांचा संयुक्त निबंध दोनदा मोजला जाईल.

आता ओपनअ‍ॅलेक्सच्या उणिवा. त्या किरकोळ नाहीत.

पहिली म्हणजे पत्ताच नसलेल्या नोंदी. प्रकाशक क्रॉसरेफकडे निबंधाची माहिती भरतात तेव्हा लेखकाचा पत्ता द्यायचं अनेकदा राहून जातं. पत्ता नाही म्हणजे देश नाही. असा निबंध एकूण संख्येत असतो, पण कुठल्याच देशाच्या खात्यात नसतो. म्हणून देशवार तक्ता काढताना ‘अज्ञात’ गट किती मोठा आहे ते पाहायचं आणि तो आकडा तक्त्याच्या खाली लिहायचा. ही शिस्त पाळली नाही, तर ज्या देशाचे प्रकाशक पत्ते नीट भरतात तो देश विनाकारण पुढे दिसतो.

दुसरी उणीव पारख नसण्याची. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली होती. पैसे घेऊन वाट्टेल ते छापणाऱ्यांचा सुळसुळाट आपल्याकडे किती होता, हे त्यावरून कळावं. ओपनअ‍ॅलेक्स कुणाला दारात अडवत नाही, त्यामुळे असलं छापील साहित्यही देशाच्या संख्येत मिसळतं. यावर तिथे एक सोय आहे. लायडन विद्यापीठाच्या सीडब्ल्यूटीएस केंद्राच्या निकषांवर ठरवलेला ‘कोअर’ नियतकालिकांचा संच निवडता येतो. मी दोन्ही आकडे काढते, सगळ्यांचा आणि कोअरचा. मात्र कोअरचा निकष आंतरराष्ट्रीय उल्लेखांकडे झुकणारा आहे. वाईट नियतकालिकांबरोबर स्थानिक विषयांची चांगली नियतकालिकंही त्या चाळणीतून गळतात, हे लक्षात ठेवून तो वापरावा.

तिसरी भाषेची, आणि ही मला सर्वांत जास्त लागते. नोंदीची भाषा एक प्रोग्राम शीर्षक आणि सारांश वाचून ठरवतो, मूळ लेख वाचून नव्हे. आपल्याकडची कितीतरी नियतकालिकं मराठी लेखाला इंग्रजी शीर्षक आणि इंग्रजी सारांश जोडतात. तशी नोंद झाली की तो लेख इंग्रजी म्हणून मोजला जातो. तेव्हा ‘भारतातलं मराठी संशोधन किती’ याचं उत्तर म्हणून भाषेच्या रकान्यातला आकडा कुणीही देऊ नये. मी तो देत नाही, कितीही आग्रह झाला तरी.

आणि ज्या नियतकालिकाला डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा डिजिटल ओळखक्रमांक, नाही, जे फक्त छापील निघतं किंवा ज्याची पीडीएफ कुठल्या तरी संकेतस्थळाच्या कोपऱ्यात पडलेली आहे, ते सहसा यांतल्या कुठल्याच डेटाबेसपर्यंत पोहोचत नाही. इतिहास, समाजशास्त्र, भाषा, लोकसाहित्य या विषयांतलं महाराष्ट्रातलं किती काम मराठीत होतं! तालुक्याच्या गावातला प्राध्यापक दहा वर्षं कागदपत्रं धुंडाळून एखाद्या परगण्याच्या वतनांवर लिहितो. ते देशाचं संशोधनच आहे. आकड्यात ते शून्य. ब्राझीलने १९९८ मध्येच ‘सायेलो’ उभं करून आपली पोर्तुगीज नियतकालिकं सगळ्यांना मोफत खुली केली. कोरियाने आपला राष्ट्रीय सायटेशन इंडेक्स बांधला. पुढे दोन्ही वेब ऑफ सायन्सनेही आपल्या मंचावर घेतले. आपल्याकडे इंडियन सायटेशन इंडेक्स आहे, पण तो सशुल्क आहे. अनुदान आयोगाची केअर यादी भारतीय भाषांतल्या नियतकालिकांची निदान नोंद ठेवत होती. तिचं काम पुणे विद्यापीठातून चालायचं. ती २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाली. यादीत दोष होते हे मान्य आहे, पण तिच्या जागी देशपातळीवर उघडा, भारतीय भाषांना सामावून घेणारा डेटाबेस उभा राहायला हवा होता.

किमतीचं थोडक्यात. स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्सची वर्गणी लाखांच्या घरात जाते. ओपनअ‍ॅलेक्सचा रोजचा ठरावीक वापर मोफत आहे, मोठ्या वापराला पैसे पडतात, आणि संपूर्ण डेटा एकदम उतरवायचा तर तोही मोफत, फक्त जागा भरपूर लागते. पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठाने २०२३ नंतर वेब ऑफ सायन्सची वर्गणी थांबवली. फ्रान्सच्याच सीएनआरएस या राष्ट्रीय संशोधन संस्थेने २०२४ मध्ये स्कोपस सोडलं. लायडनच्या विद्यापीठ-क्रमवारीची एक खुली आवृत्ती २०२४ पासून ओपनअ‍ॅलेक्सवर निघते. फ्रेंच उच्च शिक्षण मंत्रालयाने तर चुकीचे जुळलेले पत्ते हुडकून दुरुस्त करायला ‘वर्क्स मॅग्नेट’ नावाचं साधन तयार केलं. त्यांनी नुसती वर्गणी वाचवली नाही, आपल्या देशाच्या नोंदी स्वच्छ करायला माणसं बसवली. आपल्या सरकारने ‘एक देश, एक वर्गणी’ योजनेत तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये ठेवले आहेत. ते वाचनासाठी आहेत आणि त्याचं स्वागतच आहे. भारतीय संस्थांचे पत्ते दुरुस्त करणारा पाच-सात जणांचा एक गट विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्रात बसवला, तर मोजणीसाठी फार मोठं काम होईल.

आपल्या ग्रंथालयाने काय करावं, असं विचाराल तर: एनआयआरएफ आपले निबंध स्कोपस आणि वेब ऑफ सायन्सवरून मोजतं, त्यामुळे आहे ती वर्गणी आजच सोडा असं मी म्हणणार नाही. नवी घ्यायची असेल तर मात्र आधी एक संपूर्ण वर्ष ओपनअ‍ॅलेक्सवर काम करून पाहा. आकडा काढताना चालू वर्ष घेऊ नका, सगळ्याच डेटाबेसमध्ये मागच्या वर्षाच्या नोंदी पुढे कित्येक महिने भरत राहतात. तक्त्याखाली डेटाबेसचं नाव, आकडा काढल्याची तारीख, लेखनप्रकार, मोजणीची पद्धत आणि ‘अज्ञात’ नोंदींची संख्या लिहा. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन गुण. पत्ते आणि भाषा या दोन गोष्टी सुधारल्या तर साडेचार देईन.

ज्यांच्या हातात एखाद्या विभागाचं किंवा मंडळाचं मराठी नियतकालिक आहे, त्यांना एक विनंती. प्रत्येक लेखाला डीओआय घ्या. माहिती भरताना मूळ मराठी शीर्षक देवनागरीतच भरा, इंग्रजी शीर्षक त्याच्या जोडीला द्या. लेखाची भाषा मराठी आहे हे रकान्यात नोंदवा. लेखकाच्या पत्त्यात महाविद्यालय, गाव, जिल्हा आणि ‘भारत’ एवढं तरी लिहाच. एका अंकाला तासाभराचं काम आहे. कसं भरायचं हे कळत नसेल तर जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन विचारा.